मागल्या बाजूचा मजकूर

माझी लेक प्राचार्य झाली आणि आमच्या घरातला रविवार बंद पडला.

रविवार म्हणजे काय ते आधी सांगते. मी चौथी शिकलेली बाई. वाचता येतं, पण चष्मा लावूनही दोन पानांच्या पुढे डोळ्यांना पाणी येतं. लेक नेरूळच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि गोष्टी लिहिते. तिची दोन पुस्तकं निघाली आहेत. आठवड्यात जे लिहून होईल ते ती रविवारी सकाळी चहा झाल्यावर मला वाचून दाखवायची. ती खुर्चीत, मी खाली सूप घेऊन तांदूळ निवडत. वाचून झालं की मी काय खटकलं ते सांगायची. ‘भाकरी थापताना बाई एवढं लांबलचक बोलत नसते, तव्यावरची करपेल,’ असलं काहीतरी. कौतुक करणं मला जमत नाही, आणि तिला ते माझ्याकडून नकोही असायचं.

तिचा बाप होता तेव्हा तोही भिंतीला टेकून ऐकायला बसायचा आणि मध्येच घोरायला लागायचा. तो तुर्भ्याच्या दाणाबाजारात माथाडी होता. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आता सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि लेक अशा दोघीच. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिलाच विचारा, मी विचारून दमले.

तिची एक खोड आहे. कोऱ्या कागदावर तिला लिहिता येत नाही. ती लहान असताना बाप पेढीवरून वापरून झालेले कागद आणायचा, एका बाजूला छापलेले आणि मागून कोरे. पाठकोरे म्हणतात त्यांना. शाळेचा सगळा अभ्यास तिनं त्यावर केला. आता कपाटात नव्या कागदांची पाकिटं पडून असतात, तरी गोष्ट लिहायची तर पाठकोऱ्यावरच. म्हणते, ‘‘कोरा कागद माझ्याकडे बघत बसतो, आये.’’ कागद कुणाकडे बघत नसतो, पण असो.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झाले आणि संस्थेनं हिच्याकडे चार्ज दिला. सहा महिन्यांसाठी, म्हणाले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? नवऱ्याच्या फोटोपुढे पेढा ठेवला. पोती वाहणाऱ्याची पोरगी कॉलेजातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसली होती. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये मला आधी जाऊ द्यायला लागल्या.

मग फोन सुरू झाले. रविवारी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की फोन. कुठल्या मजल्यावर पाणी आलं नाही, कुठल्या सरांना रजा हवी, कुठल्या दोन मॅडम एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून परीक्षेची ड्युटी अडली. लेक गॅलरीत जाऊन बोलायची आणि अर्ध्या तासानं आत यायची. तोवर माझे तांदूळ निवडून झालेले असायचे.

एक गोष्ट मात्र तिनं सोडली नाही. सकाळी साडेसातचा तास. पहिल्या वर्षाच्या मुलांना गोष्ट कशी लिहायची ते ती शिकवते. प्राचार्यांनी एवढ्या सकाळी येऊन शिकवायलाच हवं असं कुणी म्हणत नव्हतं, उलट सगळे सोड म्हणत होते. ती पावणेसातला घराबाहेर पडायचीच.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी ती कागद घेऊन खुर्चीत बसली. मी सूप ओढलं. गोष्ट एका बाईची होती. बाई माहेरी जाते. पण कशी? ‘त्या अनुषंगाने तिच्या मनात काही प्रश्न उपस्थित झाले.’ मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हटलं, ‘‘ही गोष्ट न्हाई. ही नोटीस हाय. खाली सही कर आन् बोर्डावर लाव.’’

तिनं कागदांची घडी घातली आणि आत गेली. त्यानंतर तिनं मला काही वाचून दाखवलं नाही.

वर्ष गेलं. तिचं लिहिणं थांबलं असं मी धरून चालले. आणि ते खुर्चीनं नाही, माझ्या जिभेनं थांबवलं, असंही मला वाटायचं. मी खोटं बोलले नव्हते. ती गोष्ट नोटीसच होती. पण खरं कधी बोलावं याचं भान मला कधीच नव्हतं. नवरा तेच म्हणायचा. हल्ली तांदळात खडे नसतात. तरी मी रविवारी सूप घेऊन बसायची.

यंदा हिवाळ्यात संस्थेचं पत्र आलं. चार्ज संपवून तिला कायमचं प्राचार्य करायचं होतं. फक्त सकाळचा तास सोडायचा, कारण सकाळची वेळ त्यांना संस्थेच्या बैठकांसाठी हवी होती. उत्तर पुढच्या सोमवारी लेखी द्यायचं होतं. जेवताना तिनं मला पत्र वाचून दाखवलं.

‘‘मग इचार कसला करतीस?’’ मी म्हटलं. ‘‘सोड तो तास. त्या पोरांना शिकवायला दुसरं कुनी मिळंल.’’

‘‘मिळेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. आमटी वाढ.’’

मी वाढलेली आमटी तिनं तशीच ठेवली. तास गेला तर तिचं काय जाणार होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. घरभर कागद पसरले होते. बुधवारी दुपारी लेकीचा कॉलेजातून फोन आला.

‘‘आये, माझ्या टेबलावर इतिवृत्ताचा गठ्ठा आहे. शिपाई निघालाय, त्याच्याकडे दे.’’

इतिवृत्त म्हणजे सभेत काय बोलले, काय ठरलं त्याची नोंद. मी टेबलापाशी गेले तर तिथे दोन गठ्ठे. चष्मा लावून दोन्हींचं वरचं पान वाचलं. दोन्हींवर छापलेलं तेच, ‘सभेचे इतिवृत्त’. एक गठ्ठा पांढरास्वच्छ, कडा सरळ, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला. दुसरा मळकट, कोपरे दुमडलेले, चहाचा डाग पडलेला, पेनानं खाडाखोड केलेला, सुतळीनं बांधलेला.

मी मळका दिला.

मला त्यात जराही शंका आली नाही. दाणाबाजारात आमची सगळी हयात गेली. मीही तिथे धान्य चाळायला जात होते. तिथली रीत अशी, की ज्या कागदाला दहा हात लागले, ज्यावर घामाचे डाग आहेत आणि कुणी काहीतरी खोडून सही केली आहे, तो कागद खरा. पांढरा कागद म्हणजे नक्कल. नवरा सांगायचा, स्वच्छ चिठ्ठी कुणी दाखवली तर माल उचलू नये, मळकी घेऊन ये म्हणावं. मी ते पाळलं. गठ्ठा उलटून मात्र पाहिला नाही. कागदाची छापलेली बाजू महत्त्वाची, हेच मला शिकवलेलं होतं.

शिपाई पिशवीत घालून घेऊन गेला. तीन तासांनी लेक स्वतः दारात उभी. खाली रिक्षा थांबवून आली होती. पायातल्या चपला न काढता आत गेली आणि तो पांढरा गठ्ठा उचलला.

‘‘हा पाहिजे होता व्हय? मग म्या दिला त्यो कसला?’’

‘‘जुन्या कच्च्या प्रतींचा. मागच्या बाजूला लिहिलंय.’’

‘‘काय लिवलंय?’’

‘‘कादंबरी.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझी, आये. अजून कुणाची असणार?’’

मी दाराला धरून उभी राहिले. ‘‘आन् लिवलीस कदी?’’

‘‘सकाळचा तास संपला की त्याच वर्गात बसते, शेवटच्या बाकावर. नऊपर्यंत तिथे दुसरा वर्ग नसतो. केबिनमध्ये शिरले की मग दिवस माझा राहत नाही.’’

‘‘मला सांगितलं न्हाईस.’’

‘‘तू नोटीस म्हणालीस.’’

एवढं बोलून ती जिना उतरून गेली, लिफ्टसाठी थांबली नाही. मी खुर्चीत बसले. लिहिणं थांबलं नव्हतं तर. वर्षभर उगाच स्वतःला कोसत होते. हलकं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. एवढी कादंबरी लिहिली, ती आता ऑफिसातले लोक आधी वाचणार, आणि मी तीस वर्षं ऐकणारी बाहेर.

शिवाय दुसरीही गोष्ट डोक्यात शिरली. तास सोडला की तो शेवटचा बाकही जाणार होता. आणि सोड म्हणून मीच सांगून बसले होते.

समिती आली, गेली. शनिवारी ती दिवसभर झोपली. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पांढरा शर्ट घातलेला एक गोल गृहस्थ, हातात कापडी पिशवी. कॉलेजचा मुख्य क्लार्क. मी त्याला एकदा पाहिलं होतं.

‘‘आजी, मॅडम आहेत ना?’’

‘‘हायती. बसा. तुमी वाचलं का ते?’’

तो दचकला. ‘‘म्हणजे, आजी... फाइल करायची तर वाचावं लागतं. मी वाचलं. कॅशियर बाईंनी वाचलं. शिपायाला मी वाचून दाखवलं, त्याचा चष्मा तुटलाय.’’

लेक बाहेर आली. क्लार्कनं पिशवीतून सुतळीचा गठ्ठा काढून टीपॉयवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला.

‘‘मॅडम, एक विचारू? तो क्लार्क मीच ना?’’

‘‘नाही हो. कादंबरीतला माणूस काल्पनिक असतो.’’

‘‘काल्पनिक माणूस मंगळवारचा उपास करतो? साबुदाण्याच्या डब्यात दाण्याचं कूट वेगळं नेतो?’’

‘‘तुमीच हाय,’’ मी म्हटलं. ‘‘मंगळवारचा शनिवार कर गं.’’

‘‘नको नको, आजी, राहू द्या! माझं काही टेन्शन नाही. घरी सांगितलं तर मिसेस हसली. पण मॅडम, एक चूक आहे. तुम्ही लिहिलंय, तो बाईंचा रजेचा अर्ज ड्रॉवरमध्ये दाबून ठेवतो. तसं होत नसतं. आधी अर्जावर आवक नंबर पडतो. मग दाबतात. बिननंबरचा अर्ज दाबला तर तो अर्जच नाही, कागद झाला. तेवढं दुरुस्त करा.’’

लेकीनं पेन घेतलं आणि पेपरच्या कडेला लिहून घेतलं. ती थट्टा करत नव्हती.

‘‘आणि दुसरं,’’ क्लार्क जरा पुढे सरकला. ‘‘सेहेचाळीस नंबरचं पान मी परत देणार नाही.’’

‘‘का?’’

‘‘त्याच्या पुढच्या बाजूला ऑगस्टच्या सभेच्या सह्या आहेत. मूळ सह्या. ते पान मी किती महिने शोधतोय! त्या बिचाऱ्या शिपायाला नाही नाही ते बोललो. आणि ते तुमच्याकडे. मॅडम, तुम्ही ओरिजिनलवर कादंबरी लिहिलीत.’’

लेकीचा चेहरा शाळेत वही विसरलेल्या पोरीसारखा झाला. ‘‘मला वाटलं कच्ची प्रत आहे.’’

‘‘आजींनी चुकीचा गठ्ठा पाठवला म्हणून सापडलं. नाहीतर समितीपुढे आपलं काय झालं असतं? मी ते फाइलला लावलं. मागे लाल शाईनं लिहिलं, मागील बाजूचा मजकूर सभेचा भाग नाही.’’

‘‘समितीनं पाहिलं?’’

‘‘त्यांच्यातल्या एका बाईंनी पान उलटलं. उभ्या उभ्या वाचलं. मग पुढचं पान शोधायला लागल्या. मी म्हटलं, मॅडम, पुढचं रेकॉर्डवर नाही.’’

मी तोंडाला पदर लावला. लेक मोकळेपणानं हसली. दोन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

क्लार्कनं सेहेचाळीसाव्या पानाची झेरॉक्स आणली होती. दोन्ही बाजूंची. दोन्हींवर ‘सत्यप्रत’ असा गोल शिक्का आणि त्याची सही. शिक्का मारायला घेतला की हात थांबत नाही, म्हणाला.

चहा पिऊन उठताना त्यानं विचारलं, ‘‘मग पुढे त्या बाईंचं काय होतं? रजा मिळते?’’

‘‘अजून लिहिलं नाही.’’

‘‘लिहा ना. वर्गात बसताच की तुम्ही. शिपाई नऊपर्यंत कुणाला वर सोडत नाही, माहितेय ना? फरशी ओली आहे सांगतो.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘पण आता तास सोडणार म्हणे तुम्ही. उद्या उत्तर द्यायचंय.’’

तो गेला.

मी सूप घेतलं, डब्यातले तांदूळ ओतले आणि खाली बसले. ‘‘वाच.’’

‘‘आत्ता?’’

‘‘क्लार्कनं वाचलं, कॅशियरनं वाचलं, शिपायानं ऐकलं. म्या काय घोडं मारलंय?’’

ती वाचायला बसली. दहा मिनिटांत फोन वाजला. मी उठून तो स्वयंपाकघरात नेला आणि मोठ्या पालथ्या पातेल्याखाली झाकला. वाजत राहिला, पण जेवणाची भांडी घासताना येतो तेवढाच आवाज.

गोष्ट साधी होती. एका बाईला दोन दिवसांची रजा हवी असते आणि तिचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एवढंच. पण त्यात ‘अनुषंगाने’ नव्हतं. म्हणजे होतं, पण ते त्या क्लार्कच्या तोंडी होतं, आणि तिथे ते बरोबर बसलं होतं. मी दोनदा हसले. आधीच्या गोष्टीत ती ऑफिसची भाषा लपवायला बघत होती आणि ती जिथून तिथून बाहेर येत होती. इथे तिनं तिला समोरच बसवली होती. दोन वर्षं त्या खुर्चीत बसली नसती तर हे तिला कुठून कळलं असतं?

दीड तासानं तिनं कागद खाली ठेवले. माझ्याकडे पाहिलं नाही, सुतळी गुंडाळत बसली.

‘‘ती बाई सारकी खिडकीतनं बाहेर बघती,’’ मी म्हटलं. ‘‘काम करनाऱ्या बाईला एवडी खिडकी मिळत नसती. निम्म्या खिडक्या काढ.’’

‘‘बरं.’’

‘‘आन् ते शेवटाकडचं, शिक्क्याचं पान. तितं ती रडती. कशाला रडती? रजा अडलीय, मानूस गेलं न्हाई.’’

‘‘बरं. आणखी?’’

‘‘आणखी काय न्हाई. नोटीस न्हाई ही.’’

तिनं मान हलवली. मग संस्थेचं पत्र काढून मांडीवर ठेवलं. ‘‘याचं काय करू?’’

‘‘खुर्ची सोडू नकोस.’’

‘‘तू ते बाबांच्या फोटोसाठी म्हणतेस.’’

‘‘फोटोसाठी बी म्हनते. पर त्यो मंगळवारवाला तुला दुसरीकडं कुटं बघायला मिळनार हाय? खुर्ची घे. आन् तास बी सोडू नको.’’

‘‘दोन्ही देत नाहीत ते. आणि आये, तीन-तीन गोष्टी एका वेळी झेपत नाहीत. बीपीची गोळी सुरू झालीय माझी.’’

‘‘तुजा बाप दोन पोती न्यायचा एका खेपेला.’’

‘‘आणि पन्नाशीत कमरेतून गेला.’’

हे खरं होतं. मी म्हटलं, ‘‘गेला. पर पोतं कदी स्वतःच्या हातानं पाठीवर घेतलं न्हाई त्यानं. दोघं उचलून द्यायची, मगच ह्यो चालायचा. तू पानी आलं न्हाई त्याचा बी फोन सोता घेतीस. पान्याला मानूस न्हाई व्हय तुज्या कॉलेजात?’’

‘‘आहे.’’

‘‘मग त्याला वाजू दे. तू लिवून दे त्यास्नी. तास माजा, नवापत्तुर मी कुनाला दिसनार न्हाई, पुढं तुमची.’’

‘‘आणि नाही म्हणाले तर?’’

‘‘तर खुर्ची त्यांची. दुसरं बूड शोदू दे.’’

तिनं संस्थेचं पत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिथेच उत्तराचा मसुदा लिहायला लागली. मी म्हटलं, ‘‘अगं, हे तरी ओरिजिनल न्हवं ना?’’ तिनं उलटून सही बघितली, जीभ चावली, आणि कपाटातून दुसरा पाठकोरा आणला.

सोमवारी तिनं उत्तर दिलं. संस्थेनं तीन आठवडे तोंड उघडलं नाही. त्या तीन आठवड्यांत ती रोज पावणेसातला निघत होती, कारण कुणी नको म्हणालं नव्हतं. मग कळवलं, एक वर्ष तास चालू ठेवा, नंतर बघू. बैठका दहा वाजता ठेवल्या. अध्यक्षांना तशीही सकाळी जाग येत नाही, असं क्लार्क म्हणतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाण्याचा माणूस दोनदा पळून गेला आणि तिला पुन्हा फोन घ्यावे लागले. परीक्षेच्या महिन्यात एक ओळ लिहून झाली नाही. दोन रविवार हुकले. कादंबरी अजून अर्धीच आहे आणि त्या बाईची रजा अजून मंजूर झालेली नाही. पण अर्जावर आवक नंबर पडला आहे, आणि खिडक्या कमी झाल्या आहेत.

सेहेचाळीसावं पान मात्र तिनं बदललं नाही. ती बाई तिथे अजून रडते. मी दर वेळी सांगते, काढ ते. ती झेरॉक्सवरचा गोल शिक्का माझ्यापुढे धरते आणि म्हणते, मूळ प्रत रेकॉर्डला आहे, आता मला बदलता येत नाही. मला ते पान अजिबात आवडत नाही.